सुपरवायझरला कोण शिकवणार? पुणे पट्ट्यातल्या कारखानदारांना खुले पत्र

प्रति,
पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण, तळेगाव आणि रांजणगाव भागातील कारखान्यांचे मालक, संचालक, प्लांट हेड आणि एचआर प्रमुख यांस,

सप्रेम नमस्कार.

पुढच्या वर्षाचं बजेट ठरवताना तुमच्याकडे 'लीडरशिप डेव्हलपमेंट' म्हणून एक रकाना असतो. त्यातले पैसे कुठे जातात ते आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. लोणावळ्याजवळचं किंवा मुळशीतलं रिसॉर्ट, दोन दिवस एक रात्र, पंधरा-वीस वरिष्ठ अधिकारी, मुंबईहून आलेला एखादा फर्डा वक्ता, दोरीवरून चालायचा खेळ आणि शेवटी ग्रुप फोटो. माझा त्या सहलीवर राग नाही. वर्षभर राबणाऱ्या माणसाला दोन दिवस मोकळी हवा मिळालीच पाहिजे. पण तुमच्या कारखान्यात रोज सगळ्यात जास्त माणसं ज्याच्या शब्दावर हलतात, तो त्या बसमध्ये नसतो. तो त्या दिवशी सेकंड शिफ्टला असतो.

मी लाइन सुपरवायझरबद्दल बोलतोय. कुठे त्याला शिफ्ट इन्चार्ज म्हणतात, कुठे टीम लीडर. जुन्या लोकांच्या तोंडी अजून फोरमनच आहे. मी स्वतः याच पट्ट्यात सेटर, म्हणजे मशीन कामासाठी लावून देणारा कारागीर, म्हणून लागलो आणि शॉप मॅनेजर म्हणून बाहेर पडलो. आता छोट्या-मध्यम व्हेंडरांकडे उत्पादकतेच्या कामासाठी जातो. त्यामुळे हे पत्र कुठल्या एका कंपनीबद्दल नाही. एका फाटकातून बाहेर पडून दुसऱ्या फाटकात शिरलं तरी जे तेच तेच दिसतं, ते लिहितोय.

या माणसाचं काम गेल्या काही वर्षांत किती बदललं हे तुमच्यापैकी अनेकांच्या लक्षात आलेलं नाही, कारण पदाचं नाव तेच राहिलं.

पूर्वीच्या फोरमनचा दरारा ज्ञानातून यायचा. स्पिंडलचा आवाज ऐकून बेअरिंग जायला आलंय सांगणारा, बोअरमध्ये बोट फिरवून टेपर आहे म्हणणारा आणि गेज लावल्यावर खरा ठरणारा माणूस. त्याच्या हाताखालची पोरं दहा-दहा वर्षं टिकायची आणि त्याच्याकडे बघून शिकायची. तो शिव्या घालायचा, आणि त्या खपून जायच्या. कारण त्याच्याकडे जे होतं ते दुसऱ्या कुणाकडे नव्हतं.

पहिला बदल यंत्रांचा. गाड्यांच्या धुराच्या नियमांत बीएस-4 वरून बीएस-5 गाळून थेट बीएस-6 वर आपण 1 एप्रिल 2020 ला उडी मारली. ऐन लॉकडाऊनमध्ये. त्यामागोमाग विजेची वाहनं आली. क्रँकशाफ्ट आणि कनेक्टिंग रॉडवर ज्यांचं आयुष्य गेलं ते सुपरवायझर कंट्रोलर आणि मोटरच्या असेंब्लीवर उभे राहिले. मापं सीएमएम हे मोजणी यंत्र सांगतं, टॉर्क स्क्रूड्रायव्हर स्वतः मोजतो, आणि रोबो अडला तर डिप्लोमा करून कालपरवा आलेली मुलगी टीच पेंडंट (रोबोचा हातातला कंट्रोल) घेऊन तो सोडवते. सुपरवायझर बाजूला उभा राहून बघतो. तळेगावात जनरल मोटर्सनं 2020 च्या अखेरीस उत्पादन थांबवलं आणि तोच कारखाना पुढे ह्युंदाईनं घेतला. मालक, मॉडेल, कामाची पद्धत सगळं बदलू शकतं, हे या पट्ट्यानं डोळ्यांनी पाहिलंय.

एका कारखान्यातला प्रसंग सांगतो. इलेक्ट्रॉनिक कार्डांची असेंब्ली, आणि मनगटाला ईएसडीचा, म्हणजे अंगातली स्थिर वीज उतरवणारा, पट्टा बांधल्याशिवाय कार्डाला हात लावायचा नाही असा नियम. सुपरवायझर यंत्रशाळेतून आलेला, कामाचा वाघ. तो स्वतः पट्टा न बांधता कार्ड उचलून बघायचा. त्याचं म्हणणं, "एवढी वर्षं लोखंड हाताळलं, या पट्टीत काय दिसतंय?" तेच तर दुखणं आहे. काहीच दिसत नाही. स्थिर विजेनं दुखावलेलं कार्ड तुमच्या टेस्टिंगमध्ये पास होऊ शकतं आणि काही महिन्यांनी गिऱ्हाइकाच्या गाडीत मान टाकतं. डोळ्याला दिसेल तेवढंच खरं मानून ज्यानं नाव कमावलं, त्याला न दिसणाऱ्या दोषावर विश्वास ठेवायला कुणीतरी बसून शिकवायला हवं होतं. कंपनीनं भिंतीवर पोस्टर लावलं. इंग्रजीत. आणि पोरं पोस्टरकडे बघत नव्हती, सुपरवायझरच्या मनगटाकडे बघत होती.

दुसरा बदल माणसांचा. परमनंट हाताच्या बोटांवर, बाकी ठेकेदाराचे, ॲप्रेंटिस, फिक्स्ड टर्मवाले (ठराविक मुदतीच्या करारावरचे), ट्रेनी. ॲप्रेंटिस कायदा 1961 चा. तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला अडीच ते पंधरा टक्के ॲप्रेंटिस घ्यावेच लागतात. त्यात 2024 पासून राज्याच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतली मुलं आली, सुरुवातीला सहा महिन्यांच्या बोलीवर. कुणी नांदेडचा, कुणी गोंदियाची, कुणी ओडिशाहून, कुणी बिहारमधून. जेवणाच्या सुट्टीत चार भाषा ऐकू येतात. पोरगं कामाला सरावतंय तोच त्याची मुदत संपते किंवा शेजारच्या प्लॉटवर पाचशे रुपये जास्त मिळतात. म्हणजे सुपरवायझरचं मुख्य काम आता काय झालं? शिकवणं. तेच काम, पुन्हा पुन्हा, नव्या माणसाला, त्याला समजेल अशा भाषेत. आणि नेमकं हेच त्याला कधी कुणी शिकवलेलं नसतं. "त्याच्याबरोबर उभा राहा आणि बघ" हे आपल्याकडचं अधिकृत प्रशिक्षण.

तिसरा बदल कायद्याचा. चार श्रमसंहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाल्या. प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र, फिक्स्ड टर्मवाल्याला वर्षभरानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क, स्त्रियांना त्यांच्या संमतीनं आणि सुरक्षेची व्यवस्था करून रात्रपाळी, या गोष्टी पोरांना मोबाईलवर आधी कळतात. मग ती विचारतात कुणाला? एचआरच्या केबिनपर्यंत कोण जातो! विचारतात सुपरवायझरला. "साहेब, आम्हाला वर्षानं ग्रॅच्युइटी आहे ना?" आणि साहेबांना हे माहीत नसतं की हा मुलगा कंपनीच्या फिक्स्ड टर्मवर आहे की ठेकेदाराच्या हजेरीवर. मग तो म्हणतो, "काम कर, नको त्या चौकशा करू नको." त्या एका वाक्यानं किती मुलं महिन्याभरात गेली, याचा हिशेब वर जाणाऱ्या कुठल्याच एमआयएस रिपोर्टमध्ये येत नाही.

स्त्रियांचंही तसंच. टाटा मोटर्सच्या पुण्याच्या कारखान्यात अख्खी लाइन स्त्रिया चालवतात, हे आता कौतुकाच्या पुढे गेलेलं वास्तव आहे. तुमच्याकडेही मुली येताहेत आणि येणार. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यानं दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती लागते, ती तुम्ही नेमली असेल, तिचा बोर्डही गेटजवळ असेल. पण मासिक पाळीच्या दिवशी बसून करायचं स्टेशन मागायला आलेल्या मुलीशी नजर न चुकवता कसं बोलायचं, हे पंचेचाळीस वर्षांच्या सुपरवायझरला बोर्ड वाचून येत नाही. तो बिचारा वाईट नसतो. गोंधळलेला असतो. गोंधळ लपवायला तो आवाज चढवतो.

आता जरा तुमच्याकडे वळतो, कारण सगळा दोष खालच्या पायरीवर ढकलणं हा आपल्या धंद्यातला जुना रिवाज आहे.

बऱ्याच ठिकाणी मशीनला टॅब लागलेत. मशीन थांबलं की ऑपरेटरनं कारण निवडायचं: सेटिंग, टूल चेंज, मटेरियल नाही, ब्रेकडाऊन, अदर्स. वर केबिनमध्ये मोठ्या पडद्यावर हिरवं-पिवळं-लाल दिसतं. पडदा बसवायला लाखो रुपये गेले. एका ठिकाणी मी महिन्याभराची नोंद काढून बघितली तर थांबलेल्या वेळातला मोठा भाग 'सेटिंग'च्या नावावर. सेटर शपथेवर सांगत होता की एवढी सेटिंग झालेलीच नाही. मग खाली जाऊन चहा पिताना उलगडा झाला. 'मटेरियल नाही' दाबलं की स्टोअर्सवाला भांडायला येतो. 'ब्रेकडाऊन' दाबलं की मेंटेनन्सचा फोन येतो. 'अदर्स' दाबलं की प्लांट हेड सकाळच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर विचारतो, "अदर्स म्हणजे काय, झोपला होता का?" 'सेटिंग' दाबलं की कुणी काही विचारत नाही. सुपरवायझरनं पोरांना सांगून ठेवलं होतं: काहीही झालं तरी सेटिंग दाबा.

त्याला डेटा ॲनालिटिक्सच्या कोर्सला पाठवून काय होणार? तो आकडे तुमच्यापेक्षा चांगले वाचतो. कुठला आकडा दाखवला की कुणाचा पारा चढतो, हे त्याला पाठ आहे. शिकायची गरज इथे केबिनमधल्या माणसाला आहे. लाल दिवा दिसल्यावर पहिला प्रश्न "कोण?" न विचारता "काय अडलं, मी काय पाठवू?" असा विचारायचा, ही सवय आहे, आणि ती पन्नाशीतही लावून घेता येते. मी लावून घेतलेले लोक पाहिलेत. दोन-तीन महिने जड जातं, एवढंच.

तीच गत व्हॉट्सॲप ग्रुपची. रात्री अकरा वाजता बाद नगाचा फोटो, ऑपरेटरचं नाव आणि तीन लाल उद्गारचिन्हं ग्रुपवर पडतात. खाली जीएमचा अंगठा. आपण समजतो, शिस्त लागली. लागतं ते भलतंच: पुढच्या वेळी बाद नग बिनमध्ये न जाता खिशातून बाहेर जातो. कौतुक ग्रुपवर करा, कानउघाडणी बाजूला घेऊन करा, एवढा साधा नियमसुद्धा कुठे लिहिलेला नसतो.

आणि एट-डी रिपोर्ट, म्हणजे तक्रारीचं मूळ कारण आणि उपाय लिहून द्यायचा कागद! गिऱ्हाइकाकडून तक्रार आली की मूळ कारण काय, तर 'ऑपरेटरचा निष्काळजीपणा'. उपाय काय, तर 'ऑपरेटरला ट्रेनिंग दिले', सोबत सहीचा कागद. वर्षानुवर्षं हेच. आता सुपरवायझर हाच मजकूर एआयकडून लिहून घेतात, म्हणून तो सुंदर इंग्रजीत येतो. निष्काळजीपणा तसाच आहे, स्पेलिंग तेवढं सुधारलं. एआयवर माझा रोख नाही. शोधलंच नाही ते कारण यंत्र कुठून आणणार? फिक्स्चरमध्ये नग उलटा बसू शकतो हे त्याच्या चॅटमध्ये नाही, ते स्टेशन चारवर उभं राहिलं तर दिसतं.

यावर उपाय परदेशी पाहुणा बोलावून सापडेल असं नाही, आणि तो नवाही नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत अनुभवी कामगार सैन्यात गेले, कारखान्यात कधी यंत्र न बघितलेली माणसं आली, त्यांत स्त्रिया मोठ्या संख्येनं. तेव्हा तिथे सुपरवायझरसाठी 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' नावाचा कार्यक्रम 1940 ते 1945 चालला. काम कसं शिकवायचं, माणसांशी संबंध कसे सांभाळायचे, कामाची पद्धत कशी सुधारायची, असे तीन मुख्य भाग. प्रत्येक भाग दोन तासांच्या पाच बैठकांचा, म्हणजे दहा तास. भाषण नाही, प्रत्येकानं आपल्या शॉपमधलं खरं काम आणायचं आणि सगळ्यांसमोर एखाद्याला शिकवून दाखवायचं. आधी माणसाला मोकळं करा, मग टप्प्याटप्प्यानं करून दाखवा आणि प्रत्येक टप्प्याचं कारण सांगा, मग त्याच्याकडून करवून घ्या, मग सोडा पण येऊन बघत राहा. आणि शिकणारा शिकला नाही तर शिकवणाऱ्यानं शिकवलंच नाही असं धरायचं. युद्ध संपल्यावर अमेरिका हे विसरली. जपाननं उचललं, आणि आज आपण टोयोटाच्या नावानं जे डोक्यावर घेतो त्यातला बराच पाया तिथला आहे. आज आपली स्थिती त्या काळासारखीच आहे: अनोळखी काम, अननुभवी माणसं, वेळ कमी. फक्त आपण दहा तासांऐवजी दोरीवर चालतो.

आपल्या मातीतही हे होतं. टेल्कोनं, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सनं, साठच्या दशकात पुण्यात पाय रोवले तेव्हा गाड्या बाहेर पडायच्या कितीतरी आधी मशीन टूल आणि ॲप्रेंटिसच्या शिक्षणाला हात घातला. 'टेल्को ॲप्रेंटिस' ही अजून या भागात पदवीपेक्षा मोठी ओळख आहे. तुमच्यातल्या कितीतरी मालकांची सुरुवात तिथलीच. त्याहून मागे गेलं तर किर्लोस्करवाडी 1910 ची, आणि 1920 मध्ये त्यांनी 'किर्लोस्कर खबर' काढलं. कारखान्याचं पत्रक, आणि तेही मराठीत! शंभर वर्षांनंतर आपलं ट्रेनिंग मटेरियल चौसष्ट इंग्रजी स्लाइडचं असतं, आणि वर्गात मागे बसलेला सुपरवायझर मान हलवत राहतो कारण समोर साहेब बसलेत.

तर मागणं काय आहे?

पहिलं म्हणजे बढतीची तऱ्हा बदला. सगळ्यात चांगला सेटर हेरायचा, बुधवारी पत्र द्यायचं आणि शुक्रवारी शिफ्ट हातात द्यायची, हे थांबवा. यात तुमचा एक उत्तम सेटर जातो आणि एक धास्तावलेला सुपरवायझर मिळतो. दोनेक महिने त्याला एखाद्या मुरलेल्या सुपरवायझरच्या जोडीला ठेवा, अर्धी लाइन द्या, आणि नाही जमलं तर परत सेटर होण्याची वाट उघडी ठेवा. पगार न कापता, मान न जाऊ देता. सेटरच्या कामातच वर चढत जाण्याची वेतनश्रेणी असेल तर निम्मे लोक सुपरवायझर व्हायला येणारच नाहीत, आणि ते बरंच होईल.

दुसरं, शिकवायचा वेळ शिफ्टमध्ये द्या. आपल्याकडे ट्रेनिंग म्हटलं की गुरुवारच्या सुट्टीत बोलवायची खोड आहे. आठवड्यातला तो एक दिवस माणूस बायकोपोरांना देतो, गावी जाऊन येतो. त्या दिवशी वर्गात आणून बसवलेला माणूस शिकत नाही, चिडतो. आठवड्याला दोन तास, पाच आठवडे, लाइनवर किंवा लाइनशेजारी, मराठीत आणि जिथे गरज तिथे हिंदीत. त्या दोन तासांत लाइन दुसरा कुणी सांभाळेल अशी सोय करा. ती सोय होत नसेल तर तुमची लाइन एका माणसावर टांगलेली आहे हे तरी कळेल. आणि हे एकदा करून सोडायचं नाही. नवीन मॉडेल आलं, नवीन यंत्र आलं, नवीन तऱ्हेची माणसं आली, की त्या त्या वेळी पुन्हा बसायचं.

जुन्या लोकांबद्दल एक विनंती. पन्नाशी ओलांडलेल्या फोरमनला पोरांच्या बरोबरीनं वर्गात बसवून टॅब शिकवायला लावू नका. त्याला मेल्याहून मेल्यासारखं होतं. त्याला वेगळं, आधी शिकवा. आणि त्याच्याकडची बेअरिंगच्या आवाजाची विद्या कुठल्या तरी तरुण मुलाच्या कानात उतरवून घ्यायचं कामही त्यालाच द्या. सेन्सर बसवलेल्या यंत्रालाही काय ऐकायचं हे आधी कुणीतरी सांगावंच लागतं.

छोट्या व्हेंडरला हे एकट्यानं परवडत नाही, हे मान्य. पंचवीस माणसांच्या शॉपमध्ये दोन सुपरवायझर, त्यातला एक वर्गात गेला तर डिस्पॅच अडतो. इथे मोठ्या कंपन्यांच्या परचेस प्रमुखांना सांगायचंय: तुम्ही दरवर्षी व्हेंडरकडून किमतीत कपात मागता, ती मिळतेही. मग तुमच्या ट्रेनिंग सेंटरमधल्या चार खुर्च्या त्याच्या सुपरवायझरला द्या. त्याच्याकडून बाद माल कमी आला तर फायदा तुमच्याच लाइनला आहे. चिंचवडच्या ऑटो क्लस्टरसारखी जागा आहे, उद्योजकांच्या संघटना आहेत. पाच-सहा व्हेंडरांनी मिळून एक बॅच काढणं अवघड नाही. अडतं ते पहिला फोन कुणी करायचा इथे.

आणि मोजमाप. हजेरीपट आणि 'प्रशिक्षण कसे वाटले'च्या पाच चांदण्या फेकून द्या. तीन महिन्यांनी एवढं बघा: पहिल्या पंधरा दिवसांत सोडून जाणारी मुलं कमी झाली का, ऑपरेटरनं शंका आली म्हणून स्वतः होऊन लाइन किती वेळा थांबवली, आणि टॅबवर 'अदर्स' दाबायची भीती गेली का. लाइन थांबवण्याचा आकडा सुरुवातीला वाढेल. घाबरू नका. इतके दिवस जे खाली दडलं होतं ते वर येतंय.

यातलं काही खोटं वाटत असेल तर मला खोडून काढा, पण केबिनमधून नको. एक लाइन आणि एक सुपरवायझर पाच आठवड्यांसाठी द्या, आणि त्यातल्या निदान एका बैठकीला प्लांट हेडनं मागच्या खुर्चीवर, मोबाईल बंद करून बसावं. मी येऊन पहिली बॅच चालवून देईन. मानधन नको. चहा लाइनवरच्या मशीनचा चालेल, फक्त बैठकीची वेळ शिफ्ट बदलायच्या अर्ध्या तासात ठेवू नका.

कळावे, लोभ असावा.

आपला,
भोसरी-चाकण पट्ट्यातला एक जुना शॉप मॅनेजर